सण नेमका कोणाचा?

नोव्हेंबर उजाडला की जपानमधली दुकानं एका रात्रीत वेष बदलतात. हॅलोविनचे भोपळे आत जातात आणि त्यांच्या जागी ख्रिसमसची झाडं उभी राहतात. स्टेशनबाहेर रोषणाई, रस्त्याकडेच्या झाडांना दिव्यांच्या माळा, सुपरमार्केटमध्ये दिवसभर ख्रिसमसची गाणी. नवख्या माणसाला वाटावं, हा देश चांगलाच धार्मिक ख्रिस्ती असला पाहिजे! प्रत्यक्षात इथे ख्रिस्ती माणसं लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का आहेत. २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टीसुद्धा नसते. ऑफिसं चालू, बँका चालू, सकाळच्या लोकलला नेहमीचीच गर्दी. आणि २६ तारखेला पाहावं तर सगळी झाडं गायब! दारोदारी बांबू आणि पाइनच्या फांद्यांचे 'कादोमात्सु' मांडायची तयारी सुरू झालेली असते, कारण आता यायचा असतो तो खरा घरचा सण, शोगात्सु, म्हणजे नववर्ष.

भारतातून कोणाचे आईवडील डिसेंबरात इकडे आले की त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. "ही माणसं ख्रिस्ती नाहीत, चर्चला जात नाहीत, मग हे सगळं कशासाठी?" आपण हसून म्हणतो, "इथे असंच असतं." पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या श्रद्धेतून एखादा सण जन्माला आला, ती श्रद्धा नसताना तो साजरा करणं हे ढोंग आहे का? ढोंग नसेल, तर ज्यांच्याकडून तो घेतला त्यांचं आपण काही देणं लागतो का? परदेशात राहून गणपती आणि दिवाळी साजरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी हा प्रश्न टाळता येणार नाही.

आधी हा जपानी ख्रिसमस असतो कसा ते पाहू. घरात लहान मूल असेल तर त्याच्या उशाशी रात्री गुपचूप भेट ठेवायची. संध्याकाळी केक कापायचा. तोही मनुका-बदामांचा काळपट इंग्लिश केक नव्हे, तर पांढऱ्याशुभ्र क्रीमचा, वर लालचुटुक स्ट्रॉबेऱ्या बसवलेला मऊ स्पंज केक. लाल-पांढरी जोडी इथे शुभ मानतात, त्यामुळे हा पाहुणा केक जपानी घरात सहज मिसळून गेला. आणि जेवायला कोंबडी! केंटकी फ्राइड चिकनचं जपानमधलं पहिलं दुकान १९७० साली नागोयात निघालं आणि १९७४ पासून कंपनीने 'ख्रिसमसला केंटकी' अशी देशभर जाहिरात सुरू केली. टर्की इथे सहजासहजी मिळत नाही आणि जपानी स्वयंपाकघरात ती मावेल एवढा ओव्हनही नसतो. कल्पना अशी रुजली की आज कित्येक घरं काही आठवडे आधी बादलीभर चिकनची ऑर्डर नोंदवून ठेवतात. दुकानाबाहेरच्या कर्नल सँडर्सच्या पुतळ्याला सांताचा लाल झगा चढवलेला असतो. पांढरी दाढी मुळातलीच, त्यामुळे त्याला तो शोभतोही!

तरुणांसाठी मात्र २४ डिसेंबरची रात्र म्हणजे प्रेमिकांची रात्र. १९८०च्या दशकात, पैशाचा पूर आलेल्या त्या 'बबल'च्या दिवसांत, गाणी, मासिकं आणि रेल्वेच्या जाहिराती यांनी मिळून ही प्रथा घडवली. महागडं हॉटेल, दागिना, जेवण. कुटुंबाने एकत्र जमायचं ते नववर्षाला. ख्रिसमसला जोडीदाराबरोबर बाहेर जायचं. पाश्चात्त्य देशांच्या नेमकं उलट.

हे सगळं पाहून बहुतेकांचा निकाल ठरलेला असतो: "हा सगळा बाजार आहे." त्यात तथ्य आहे. १९०० साली गिन्झा भागात आलेल्या मेइजि-या या परदेशी मालाच्या दुकानाने केलेली सजावट ही शहरी ख्रिसमसची एक महत्त्वाची सुरुवात मानली जाते. योगायोगांनीही हातभार लावला. सम्राट ताइशो यांचं निधन २५ डिसेंबर १९२६ रोजी झालं, आणि त्यांच्या स्मृतीसाठी १९२७ ते १९४७ या काळात ही तारीख चक्क राष्ट्रीय सुट्टीची होती. श्राद्धाच्या सुट्टीने ख्रिसमसला जागा करून दिली म्हणा ना!

पण केवळ 'बाजार' म्हणून हात झटकले तर अडचण होते. कारण मग निर्मळ, अस्सल, कुठूनही काही उसनं न घेतलेला सण दाखवायचा कुठला? येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेच नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झाला. झाड जर्मनीतलं. सांताचं मूळ ज्या संत निकोलसमध्ये, त्यांचं गाव आजच्या तुर्कस्तानात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या कर्मठ प्युरिटन मंडळींनी तर १६५९ ते १६८१ या काळात ख्रिसमस साजरा करण्यावर पाच शिलिंगांचा दंड ठेवला होता. त्यांच्या मते हा सण पुरेसा ख्रिस्ती नव्हता!

जपानी नववर्षाचंही तेच. १ जानेवारी ही त्याची तारीख युरोपीय दिनदर्शिकेची. ती सरकारने १८७३ साली स्वीकारली, तोवर नववर्ष चांद्र पंचांगाने येत असे. आणि आपण हसण्याआधी आपलं ताट पाहावं. एकादशीच्या उपासाला सोवळ्यात चालणारी साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, सगळी मंडळी मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली. पोर्तुगीज जहाजांनी पूर्वेकडचे रस्ते उघडले नसते तर आपला उपास काय खाऊन झाला असता, कोण जाणे. तेव्हा 'उसना' हा दोष मानला तर कोणाच्याच घरात सण उरणार नाही.

आणि उसनवारी एकाच दिशेने चालत नाही. जपानमध्ये आपल्या ओळखीची किती दैवतं नांदताहेत पाहा. एनोशिमा बेटावरची बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. वीणेऐवजी हातात बिवा हे जपानी तंतुवाद्य असतं, आणि लोक तिच्याकडे विद्येबरोबर पैसाही मागतात. हसतमुख दाइकोकुतेन म्हणजे मूळचा महाकाल. त्याचं रौद्र रूप वाटेत कुठे गळालं कळत नाही. इथे तो हातोडा आणि पोतडी घेऊन तांदळाच्या पोत्यांवर उभा राहतो. गणपती 'कांगितेन' झाला. तोक्योत आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा देवळात त्याला पांढरा मुळा वाहतात, आणि क्योतोत आपल्या मोदकाशी नातं सांगणारी तळलेली मिठाई आजही मिळते. हे पाहून आपल्याला राग येतो का? उलट फोटो काढून आपण घरी पाठवतो. आपली सरस्वती जपान्यांनी पैशाची देवी केली तर कौतुक, आणि ख्रिस्तजन्म त्यांनी केकचा दिवस केला तर ढोंग, असे दोन न्याय कसे चालतील?

इथवर आलं की वाटतं, प्रश्न सुटला. सण वाऱ्यासारखे असतात, कोणाच्याही अंगणात शिरावेत, काय बिघडलं? पण थांबा. जपानमध्ये ख्रिसमसला एक दुसराही इतिहास आहे, आणि तो दुकानाच्या काचेत दिसत नाही.

तो इतिहास आपल्या गोव्यातून सुरू होतो. आंजिरो नावाचा एक जपानी माणूस भटकत गोव्याला आला, १५४८ साली तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या वर्षी त्याला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. हे लोक 'तेन्जिकु'हून, म्हणजे भारतातून आलेले म्हटल्यावर अनेक जपान्यांना वाटलं, हा बुद्धधर्माचाच कुठला तरी नवा पंथ असणार! झेवियर परत गेल्यानंतर, १५५२ साली, त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागुची गावात केलेली ख्रिस्तजन्माची प्रार्थना हा जपानमधला पहिला ख्रिसमस मानतात. यामागुची शहर आजही दर डिसेंबरात स्वतःला कौतुकाने 'ख्रिसमस शहर' म्हणवून घेतं.

पुढे वारं फिरलं. १५९७ मध्ये नागासाकीत २६ ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवून मारण्यात आलं. १६१४ मध्ये तोकुगावा सत्तेने देशभर धर्मबंदी घातली. नागासाकीत दरवर्षी नववर्षाच्या सुमारास लोकांना येशूच्या किंवा मेरीच्या चित्रावर पाय द्यायला लावत. त्याला 'फुमिए' म्हणत. पाय मागे घेतला तो पकडला गेला. धर्म सोडायला तयार नसलेल्यांच्या वाट्याला छळ आणि मरण आलं. जे उरले ते लपले. बाहेरून बौद्ध, आतून ख्रिस्ती. कान्नोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीत त्यांनी मेरी पाहिली. पाद्री नाहीत, चर्च नाही, ग्रंथ नाही. तरी जुन्या दिनदर्शिकेवरून सणांचे दिवस काढत, कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांत, दारं लावून, कुजबुजत्या आवाजात त्यांनी ख्रिस्तजन्माचा दिवस पाळला. सात-आठ पिढ्या! १८६५ साली नागासाकीत परदेशी लोकांसाठी नवं ओउरा चर्च बांधलं गेलं, तेव्हा उराकामी गावातली काही माणसं तिथल्या फ्रेंच पाद्रींकडे आली आणि आपण त्यांच्याच श्रद्धेचे आहोत असं त्यांनी हळूच सांगितलं. त्या ओळख देण्याचीही किंमत मोजावी लागली. त्या गावातल्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आलं आणि त्यांतले शेकडो परतले नाहीत. बंदीचे फलक उतरले ते १८७३ साली, नव्या दिनदर्शिकेच्या पहिल्याच वर्षी.

आता हे दोन ख्रिसमस शेजारी ठेवून पाहा. एकात श्रद्धा आहे आणि सणाचं बाह्य रूप जवळजवळ काहीच नाही. ना दिवा, ना गाणं, ना झाड. दुसऱ्यात दिवे, गाणी, झाड सगळं आहे आणि श्रद्धा नाही. देश तोच, तारीख तीच. ज्या दिवसासाठी माणसांनी प्राण दिले, त्या दिवशी आता चिकनसाठी रांग लागते. हा त्या मेलेल्या माणसांचा अपमान नाही का?

मला प्रामाणिकपणे वाटतं, रांगेत उभं राहण्यात अपमान नाही. लहान मुलाच्या उशाशी खेळणं ठेवणारा बाप कोणाचं काही हिरावून घेत नाही. सत्तेला ज्या सणाची एवढी दहशत होती, त्याची आज कोणालाच भीती वाटत नाही, ही काही वाईट गोष्ट नव्हे. पण भीती गेली म्हणजे आदर आला, असं होत नाही. मधे एक मोठी पोकळी असते, तिचं नाव बेफिकिरी. आणि त्या बेफिकिरीचा त्रास कोणाला होतो, हे पाहायला लांब जावं लागत नाही.

जपानमधल्या कॅथलिक चर्चमध्ये आज फिलिपाइन्स, व्हिएतनाम, ब्राझील, पेरू इथून आलेले कामगार मोठ्या संख्येने दिसतात. कोणी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, कोणी वृद्धाश्रमात, कोणी पहाटे सुपरमार्केटचे डबे भरण्याच्या पाळीत. त्यांच्यासाठी हा वर्षातला सर्वांत पवित्र दिवसांपैकी एक. त्यांच्या कारखान्याच्या दारातही झाड असतं, त्यावर चांदणी असते. पण २५ तारखेला सुट्टी नसते, आणि मागायला संकोच वाटतो. सण सगळ्या दुकानांत आहे, आणि ज्यांचा आहे त्यांनाच तो पाळी संपवून, रात्रीच्या प्रार्थनेला धावत जाऊन पाळावा लागतो! गणेशचतुर्थीला सकाळी लॅपटॉप उघडून मीटिंगला बसणाऱ्या आपल्याला हे दुःख समजावून सांगायला नको.

दुसरा त्रास अधिक सूक्ष्म आहे. सणाचा मूळ अर्थ गेला की ती जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरं काहीतरी येऊन बसतं. ऐंशीच्या दशकात इथे एक कुचेष्टा रूढ होती: मुलगी म्हणजे ख्रिसमस केक, पंचविशीनंतर तिला भाव नाही! २६ तारखेला केक निम्म्या किमतीत विकतात, त्यावरून हा विनोद. आज जपानी मुलींचं लग्नाचं सरासरी वय तिशीच्या घरात आहे आणि ती थट्टा जुनी झाली. पण किती मुलींनी ती हसून गिळली असेल. आता 'कुरिबोच्ची' असा शब्द आहे, ख्रिसमसला एकटा पडलेला माणूस. गोठ्यात जन्मलेल्या, ज्याला धर्मशाळेत जागा मिळाली नाही अशा बाळाचा हा सण. त्याच दिवशी एकट्या माणसाला आपण एकटे असल्याची लाज वाटावी, हे मात्र मला खटकतं. सणाच्या मुळाशी काय होतं याची आठवण ठेवली असती, तर कदाचित असं झालं नसतं.

तर मग उसना सण घ्यावा कसा? याचं उत्तर मला आपल्याच घरातल्या एका साध्या रिवाजात सापडतं. शेजारच्या काकूंनी डब्यातून काही पाठवलं, तर तो डबा आपल्याकडे कधी रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. डबा कोणाचा हे विसरायचं नाही, आणि परत करताना त्यात आपलं काहीतरी घालायचं. काकूंची पाककृती जशीच्या तशी करायचं बंधन नाही. त्यांच्या देवाला नमस्कार केलाच पाहिजे असंही नाही.

जपानने काही डबे फार सुंदर भरून परत केले आहेत. पहिल्या महायुद्धात पकडलेल्या जर्मन सैनिकांनी तोकुशिमाजवळच्या बांदो इथल्या छावणीत १ जून १९१८ रोजी बेथोव्हेनची नववी सिंफनी पूर्ण वाजवली, गायली. युद्धकैद्यांकडून ऐकलेलं हे संगीत आज जपानी डिसेंबरचं संगीत झालं आहे. 'दाइकु' म्हणून ते गावोगावी होतं, आणि ते गाणाऱ्यांत शिक्षक, कारकून, गृहिणी, आजोबा असे साधे लोक महिनोन्महिने जर्मन शब्द घोकून उभे राहतात. ओसाकात १९८३ पासून दहा हजार माणसं एकत्र ते गातात. इथे कोणी नुसतं विकत घेतलेलं नाही. घाम गाळला आहे.

दुसरं उदाहरण कोबेचं. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात सहा हजार चारशेंहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात उद्ध्वस्त शहरात 'लुमिनारिए' उजळलं. इटलीत संतांच्या उत्सवात उभारतात तशा दिव्यांच्या कमानी, इटालियन कलावंताने रचलेल्या. वीज गेलेल्या, अंधारात राहिलेल्या लोकांनी त्या कमानींखालून चालत आपल्या मृतांची आठवण केली. २०१९ पर्यंत ते दर डिसेंबरात होत असे. कोविडच्या खंडानंतर २०२४ पासून ते जानेवारीत, भूकंपाच्या महिन्यात भरतं. कमानी परक्या, दुःख स्वतःचं. याला नक्कल म्हणायची कोणाची छाती होईल?

आता आपल्याविषयी. आपल्या मंडळाचा गणपती तिथीला बसत नाही, शनिवार-रविवार पाहून बसतो. विसर्जन नदीत करता येत नाही, ते बादलीत होतं. आरतीच्या पुस्तिकेत रोमन लिपी आली आहे, कारण मुलांना देवनागरी वाचताना अडखळायला होतं. आपल्यातल्या ज्येष्ठांना धास्ती वाटते की आणखी वीस वर्षांनी आपल्या नातवंडांचा गणपती म्हणजे जपान्यांचा ख्रिसमस होईल: मोदक आहेत, रोषणाई आहे, फोटो आहेत, आणि आत काही नाही. ही धास्ती खोटी नाही. पण सार्वजनिक गणेशोत्सवाचं आजचं रूपही १८९३ च्या सुमारास घडवलेलं आहे, हे विसरू नये. रूप बदललं म्हणून सण मरत नाही.

मुलं आरतीतला प्रत्येक शब्द समजून म्हणतात की नाही, याची मला तितकीशी काळजी नाही. श्रद्धा हुकमाने देता येत नाही, पुढच्या पिढीलाही नाही. मला काळजी आहे ती वेगळी. आपल्या उत्सवाला आलेला नवखा विद्यार्थी कोपऱ्यात एकटा बसून जेवतो का? तिशी उलटलेल्या अविवाहित मुलीला आपल्याकडे चार जणी 'काय ठरतंय का?' असं विचारून हैराण करतात का? ज्या जपानी शेजाऱ्यांच्या रस्त्यावरून आपली मिरवणूक जाते, त्यांच्या घरी प्रसादाचा डबा पोचतो का? आणि आपल्या ऑफिसात एखादी फिलिपिनो सहकारी असेल, तर २४ तारखेची तिची संध्याकाळची पाळी आपण घेतो का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या हातात आहे, आणि त्याला ना कर्मकांड लागतं ना वर्गणी. तिला लवकर घरी जाऊ द्यायचं, एवढंच. पुढच्या वर्षी गणपतीच्या दिवशी ती आपल्या मीटिंगला बसेल.

सर्व वाचकांना येणाऱ्या सगळ्या सणांच्या, आपल्या आणि शेजाऱ्यांच्या, मनःपूर्वक शुभेच्छा!